बटण तुटलं

सिनेमात माणूस किती ओरडतो ह्याला धरबंध नाही. "मेलो", "आई गं", "पाय मोडला", "वाचवा", सगळं आधीच लिहून दिलेलं असतं. त्यामुळं खरोखर पाय मोडला तर ओरडायचं काय, हा मारामारी करणाऱ्यांचा जुना प्रश्न. माझ्यादेखत एकजण खांद्याचं हाड मोडून घेऊन जमिनीवर लोळत होता, "अहो, खरंच मोडलंय हो" म्हणून कळवळत होता, तर दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून म्हणतो, "वा! अजून थोडं!" त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मी कपडेपटातली बाई, सुई-दोरा घेऊन कडेला उभी राहणारी. मी सगळ्या फायटरना गोळा केलं आणि सांगितलं, खरं लागलं की "बटण" म्हणायचं. हा शब्द कुठल्या संवादात येत नाही आणि बटण तुटलं म्हटल्यावर मला आत यायला कुणी अडवू शकत नाही. मी येईन, शिवायचं नाटक करीन, काय झालंय बघीन आणि मारामाऱ्या बसवणाऱ्या मास्तरला खूण करीन.

कुठं लागलंय तेही ठरवून टाकलं. वरचं बटण म्हणजे डोकं किंवा मान, बाहीचं म्हणजे हात, खालचं म्हणजे पाय.

निर्मात्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की ह्या बाईनं लावलेली बटणं फार तुटतात. एकदा त्यानं मला बोलावून दोऱ्याच्या दर्जावर लांबलचक ऐकवलं आणि स्वतः बाजारात जाऊन चामडं शिवायचा जाड दोरा आणून दिला. मी मान खाली घालून तो घेतला. शेजारी हनुवटीला टाके पडलेला एक फायटर उभा होता, बिचाऱ्याला हसताही येईना.

हा शब्द सगळ्यांनी कधी ना कधी वापरला. वापरला नाही तो एकट्या माझ्या नवऱ्यानं.

माझा नवरा पडतो. तोच त्याचा धंदा. आमच्याकडे मारणाऱ्याला देणारा म्हणतात आणि मार खाणाऱ्याला घेणारा. देणाऱ्याचं काम सोपं, हात जोरात फिरवायचा आणि समोरच्याच्या नाकापासून चार बोटांवर थांबवायचा. पुढचं सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात: मान झटकणं, हवेत उडणं, टेबलावरून घसरत जाऊन भिंतीवर आपटणं. माझा नवरा म्हणजे ह्या कामातला राजा. नुसतं कुणी शिंकलं तरी तो असा उडेल की बघणाऱ्यानं डॉक्टरला फोन लावावा.

आणि देणारा कोण, तर माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे टोळ म्हणतात, कारण त्याला कुणी कधी साधं चालत येताना पाहिलेलं नाही. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून हे दोघं जिवाभावाचे. एकाच गुरूकडे शिकले, एकाच ताटात जेवले. लग्न ठरलं तेव्हा मला दाट संशय होता की ह्या दोघांना एका घरात राहायचंय आणि त्यासाठी मी एक निमित्त सापडलेय. लग्नानंतर टोळ त्याला दाजी म्हणायला लागला, पण ते नुसतं चिडवायला. "ए दाजी, सरक तिकडं." अरे-तुरे काही सुटलं नाही.

म्हणून त्या सकाळी मी नवऱ्याच्या कोटाला बटणं लावत होते आणि टोळ म्हणाला, "दाजी, आपण जरा हात वर करता का?" तेव्हा सुई माझ्या बोटातच घुसली.

आपण!

"करतो की, मेहुणे," नवरा म्हणाला. "आपण म्हणाल तसं."

"काय झालंय?" मी विचारलं.

"कुठं काय," दोघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे पाठ करायला गेले. ते काही जमलं नाही, कारण दोघांचे हात साखळीनं बांधलेले होते.

साखळीचं सांगायला हवं. सिनेमा एकोणिसाव्या शतकातला. रस्त्यावर गॅसचे दिवे, घोडागाड्या, सगळ्यांना मिशा. एक जाडा हवालदार एका चोराला पकडून तुरुंगाकडे निघालेला आहे, दोघांच्या मनगटात एकच बेडी, आणि पहिल्याच चौकात बेडीची किल्ली घोडा गिळतो. पुढचा सगळा सिनेमा हे दोघं त्या घोड्याच्या मागं. चोर कुठल्याशा खलाशाकडून हाता-पायांची विद्या शिकलेला, हवालदाराला शिस्तीशिवाय काही येत नाही, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी दोघांना बांधलेल्या अवस्थेत मारामारी करायची. हवालदार आणि चोर झालेले नट मोठे आहेत, ते संवाद म्हणतात. हाडं मोडायची वेळ आली की त्यांच्या जागी आमचे दोघं जातात. पोटाला उशी आणि पितळी बटणांचा कोट नवऱ्याला, फाटकं जाकीट टोळाला. चेहरे दिसायचे नाहीत, पाठी दिसायच्या.

भांडणाचं कारण मी एकेकाला आडवं घेऊन काढलं. खरं तर ते मला माहीतच असायला हवं होतं. नवऱ्याचा उजवा गुडघा गेला होता. जिना उतरताना तो आडवा उतरायचा, एक हात कठड्यावर, आणि मी बघतेय असं दिसलं की शीळ घालायचा. घरात ह्यावर कुणी बोलायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सिनेमातली मोठी उडी होती. दोघांनी बांधलेल्या हातांनी दुमजली इमारतीच्या छतावरून खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांवर उडी टाकायची. आणि टोळानं जाऊन मास्तरला गुडघ्याचं सांगितलं होतं.

मास्तरनं लगेच दुसरा माणूस बोलावून ठेवला. तो बाहेर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होता. मास्तर नवऱ्याला म्हणाला, "आज खानावळीतली मारामारी मी न कापता एका दमात घेणार आहे. गुडघा टिकला तर उद्या तू उडी मारायचीस. नाही टिकला तर तो." बस्स, एवढंच. पण ह्या एवढ्यात काय आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. एकदा एखाद्याला असं बाजूला बसवलं की त्याचा फोन वाजायचा बंद होतो. पडण्याशिवाय माझ्या नवऱ्याला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करावंसंही वाटत नाही.

"घरचा माणूस चुगली करतो," नवरा माझ्याकडे बघून म्हणाला. टोळाशी तो बोलतच नव्हता.

"ताई, त्यांना सांग," टोळ म्हणाला, "आपण मराल, म्हणून सांगितलं."

"मेहुण्यांना विचार, आपल्याला विचारलं होतं कुणी?"

"मरायच्या आधी आपण विचारता का कुणाला?"

"गप्प बसा दोघंही!" मी ओरडले. "हात वर करा. तू नव्हे, तो. आता तू कशाला केलास?" टोळाचा काही दोष नव्हता, साखळीमुळं त्याचाही हात वर गेला होता. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. एकाचा, कारण तो सांगत नाही. दुसऱ्याचा, कारण त्यानं सांगितलं. आणि जास्त राग ह्याचा की टोळानं केलं ते मीच कधी करायला हवं होतं आणि मला धीर झाला नव्हता.

त्यात ती पितळी बटणं. कुणाला तरी जुन्या काळची हुबेहूब बटणं सापडली होती आणि त्यांच्या मागच्या कड्या इतक्या धारदार की दोरा कापून काढायच्या. सकाळपासून तीन गळून पडली होती. त्यातलं एक घोड्याच्या चाऱ्यात गेलं, आणि घोड्यानं ते सिनेमातल्या किल्लीसारखं खरोखर गिळलं. दिग्दर्शकाला हे फार आवडलं. मला नाही आवडलं.

खानावळ म्हणजे लाकडी टेबलं, बाकं, मातीचे मग, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर बाटल्या. काही टेबलं फुटायची होती, म्हणजे हलक्या लाकडाची, आणि काही न फुटायची. कुठली कोणती हे दोघांना पाठ होतं. बाकावर आमचेच फायटर दाढ्या चिकटवून गिऱ्हाईक म्हणून बसले होते. ह्या प्रसंगात हवालदार आणि चोर एकमेकांवरच चिडतात आणि बांधलेल्या हातांनी एकमेकांना बदडतात. म्हणजे आमच्या दोघांना नाटक करायची गरजच नव्हती.

सुरुवात ठरल्याप्रमाणं झाली. टोळाची मूठ आली, नवरा उडाला, बाक आडवा झाला. टोळाची लाथ आली, नवरा टेबलावरून घसरला, मातीचे मग फुटले. मग टोळ त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. नंतर कळलं की तो म्हणाला होता, "आजोबा, दमलात का?"

नवऱ्यानं ठरलेलं सगळं सोडलं आणि त्याला एक सणसणीत ठेवून दिली.

म्हणजे द्यायला गेला. हात चार बोटांवर थांबला. टोळही खवळला आणि त्यानंही पूर्ण जोर लावून, मनापासून, उलट ठोसा मारला. तोही चार बोटांवर थांबला आणि नवरा सवयीनं मान झटकून मागच्या टेबलावर जाऊन पडला. लगेच उठून चिडून ओरडला, "हात का थांबवतोस?"

"तू का पडतोस?" टोळ ओरडला.

मी सांगते, इतकं खरं भांडण मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दोघांच्या डोळ्यांत खून होता. जिवाच्या आकांतानं ते एकमेकांना मारत होते आणि कुणालाच काही लागत नव्हतं. टोळ त्वेषानं गुद्दे घालायचा, एकही पोचायचा नाही. नवरा न लागलेल्या गुद्द्यानं साखळी पुरेल तितका उडायचा, उठायचा, स्वतःवर चिडायचा, परत यायचा आणि परत उडायचा. शेवटी नवऱ्यानं टोळाची मान दोन्ही हातांनी आवळायची ठरवली, तर हात गळ्याभोवती नुसते गोल धरले गेले. टोळ त्या गोलात उभा राहून शिव्या देत होता. दाढीवाले फायटर तोंडात दाढ्या कोंबून हसत होते. दिग्दर्शकानं हातरुमाल चावला होता आणि "कट" म्हणायला तो काही तयार नव्हता.

आणि मग नवरा एका टेबलावरून घसरून स्टुलावर बसला आणि उठला नाही.

परक्याला कळलं नसतं. तो उठायला पुढं झुकला, आणि तसाच परत बसला, जणू त्याला बसायचंच होतं. पण मी कडेला उभी होते, मला कळलं. मास्तर अजून हसत होता. टोळानं मात्र बघितलं. साखळी दोघांच्या मध्ये लोंबत होती.

नवऱ्यानं तोल सावरायला हात उचलला. टोळानं गाल धरला, किंकाळी फोडली आणि स्वतःला मागं फेकून दिलं.

नवऱ्याला काही कळेना. त्यानं नाकावरचा घाम पुसला, तर टोळ कोलांटी उडी खाऊन बाकाखाली गेला. नवऱ्यानं "अरे" म्हणून बोट दाखवलं, तर टोळ फळीवरच्या बाटल्यांत जाऊन आदळला. साखळी जेवढी लांब तेवढंच त्याला फिरता यायचं, म्हणून तो खुंटीला बांधलेल्या वासरासारखा स्टुलाभोवती गरगर पडत होता. हवालदार राजासारखा बसलेला आणि चोर त्याच्या एकेका बोटाच्या इशाऱ्यावर खानावळीभर लोळतोय! लोक बाकांवरून खाली पडायला आले. मलाही हसू आलं, काय सांगू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आलं.

फक्त एक गोष्ट होती. टोळाला पडता येत नाही. तो आयुष्यभर देणारा. पडताना अंग कुठं सैल सोडायचं, हनुवटी कशी आत घ्यायची, ह्यातलं त्याला ओ की ठो माहीत नाही. तो धान्याचं पोतं पडावं तसा पडत होता आणि प्रत्येक वेळी जो धप्प आवाज यायचा तो खरा होता. मग तो एका टेबलाच्या कोपऱ्यावर तोंडावर आपटला. ते टेबल न फुटायचं होतं. तो उठला तेव्हा ओठ फाटला होता आणि हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि पुढची थप्पड घ्यायला पुन्हा स्टुलासमोर येऊन उभा राहिला.

नवरा त्याच्याकडे बघत राहिला. हात मांडीवर ठेवले.

"बटण," तो म्हणाला.

मी सुई घेऊन धावले. आणि आता जे सांगते त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मी त्याच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि बटणं बघायला लागले. सकाळपासून ती पितळी बटणं मला छळत होती ना! वरचं बघितलं, जागेवर. त्याच्या खालचं, जागेवर. एकेक करत खालपर्यंत आले, सगळी घट्ट.

"कुठलं तुटलंय?" मी चिडून विचारलं.

"खालचं."

मी खालचं ओढून पाहिलं. "हे तर पक्कं आहे!"

"ते नव्हे गं," तो हळूच म्हणाला. "खालचं."

हा शब्द मी काढला. आख्ख्या युनिटला मी शिकवला. आणि माझ्याच नवऱ्यानं तो उच्चारला तेव्हा मी दोरा ओवून तयार. इतकी वर्षं मी ह्याच एका माणसाच्या तोंडून हा शब्द यायची वाट बघत होते, आणि वाट बघून बघून तो कधी येईल हे मला खरंच वाटेनासं झालं होतं. मी हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. कापडाच्या आत तो चांगला नारळाएवढा झाला होता. खानावळीतलं हसणं एकदम थांबलं, कारण दाढ्यांमागच्या प्रत्येकाला तो शब्द माहीत होता.

"एका बटणासाठी शॉट थांबवला?" दिग्दर्शक ओरडला.

"मी जाड दोरा आणून दिला होता!" मागून निर्माता ओरडला.

टोळ जमिनीवर बसला होता. "अरे माणसा," तो फुटक्या ओठानं म्हणाला, "मग मी इतका वेळ कुणासाठी पडत होतो?"

"घाण पडत होतास," नवरा म्हणाला. "मान मोडली असती. मला बघवेना."

मास्तर आला, त्यानं गुडघा दाबून पाहिला आणि बाहेरच्या माणसाला हाक मारली. तो शेंगांची टरफलं झटकत उठला. नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा काहीतरी टाकून बोलेल, पण तो म्हणाला, "उद्या खोकी लावताना मधला थर रिकामा ठेवून घे. आणि ह्या टोळाकडे लक्ष दे, हा उडी मारताना डोळे मिटतो." तो माणूस बरं म्हणाला. मला तेव्हा रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून राग आला, आणि मी निर्मात्याला त्याचा जाड दोरा परत नेऊन दिला.

बेडीची किल्ली ज्याच्याकडे होती तो सामानवाला घोड्याला घेऊन पुढच्या मुक्कामी निघून गेला होता. म्हणून दवाखान्यात आम्ही होतो तसेच गेलो: मिशीवाला हवालदार, रक्तबंबाळ चोर, आणि मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली मी. टोळानं दाजीला पाठुंगळी घेतलं होतं. नाव नोंदवायच्या खिडकीतल्या बाईनं घाबरून विचारलं, "कैद्याला काय झालंय?"

"कैदी ठीक आहे," टोळ म्हणाला. "पोलिसाचा गुडघा गेलाय."

डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, तिनं साखळीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "कुठं दुखतं?" तिनं विचारलं.

"तसं काही विशेष..." नवऱ्यानं सवयीनं सुरुवात केली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुडघा," तो म्हणाला. "उजवा. जिना उतरताना जास्त." तिनं लिहून घेतलं. "आणखी?"

"डावा घोटा. थंडीत. आणि कंबर, खाली वाकलं की. उजव्या हाताची करंगळी पूर्ण मिटत नाही. दोन बरगड्या, खोल श्वास घेतला की." एकदा झाकण उघडल्यावर त्याचं त्यालाच थांबवता येईना. मी करंगळीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मला ती मिटत नाही हे माहीत नव्हतं. "आणि खांदा. त्या कुशीवर झोपता येत नाही."

"तो खांदा उशीमुळं दुखतो ना?" मी म्हटलं. "तूच म्हणालास. मी तीन उशा बदलल्या!"

"जिन्यावर लागलं होतं," तो म्हणाला. "त्या राजवाड्याच्या सिनेमात."

टोळानं मान वर केली. "तो जिना आपण दोघांनी केला होता."

"हो."

"लाथ माझी होती."

नवरा कोटाचं बटण चाचपायला लागला.

"माझी लाथ चार बोटं लांब होती," टोळ म्हणाला. "माझ्या हाता-पायानं आजवर कुणाला ओरखडा उठलेला नाही. मी सगळ्यांना सांगतो तसं. लांब होती ना, दाजी?"

"लांबच होती. मी जरा जवळ आलो. कॅमेऱ्यात बरं दिसावं म्हणून."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय."

तो धादांत खोटं बोलत होता. मी त्याची बायको आहे, मला कळलं. टोळ त्याचा जिवलग, त्यालाही कळलं. इतकी वर्षं हा माणूस त्या खांद्यावर कूस बदलत राहिला आणि माझ्या भावाला अभिमानानं मूठ हवेत थांबवून दाखवू देत राहिला, लग्नांत, बारशांत, रस्त्यात उभं राहून. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच्यावर इतकं प्रेम आलं की मी दोन्ही एकदम करू शकले नाही, नुसती बघत बसले. टोळ ढसाढसा रडायला लागला. डोळे पुसायला त्यानं हात उचलला की साखळीनं नवऱ्याचाही हात वर जायचा.

"हात हलवू नका," डॉक्टरीण वैतागून म्हणाली. "आणखी कुठं?"

नवरा विचार करायला लागला. मी खुर्ची ओढून त्याच्या जवळ घेतली. मला सगळं ऐकायचं होतं.